‘कोशात तसंच दिलंय, बाई’

बस. पाणी नंतर पी. आधी हे पान बघ. लाल शाई दिसतेय ना? की तीही दिसली नाही?

तुझ्याच अनुवादातलं वाक्य वाचते. ‘त्याने केलेल्या उपकारांबद्दल ती अत्यंत शहाणी होती.’ उपकारांबद्दल शहाणी! कुठल्या गावचं मराठी हे? तुझी आजी म्हणते का कधी, ‘शेजारणीने दिलेल्या वाटीभर साखरेबद्दल मी शहाणी आहे’? लिहिताना तुझ्या कानाला हे खटकलं होतं. खटकलं नसतं तर मी आवाज चढवलाच नसता. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी काय भांडायचं? तुला ऐकू आलं आणि तू पान उलटलंस.

वर उत्तर काय, तर ‘कोशात तसंच दिलंय, बाई.’

कोशात एका शब्दाखाली अर्ध्या रकान्याचे अर्थ असतात. तू पहिला उचललास आणि कोश मिटलास. मंडईत वांगी घेताना करतोस एवढी घाई? तिथे देठ बघशील, कीड बघशील, चार दाबून एक पिशवीत टाकशील. शब्द मात्र टोपलीत वर दिसेल तो.

मूळ इंग्रजीतलं ‘सेन्सिबल ऑफ’ म्हणजे जाणीव असलेली. तिला उपकारांची जाणीव होती. चार शब्दांचं काम. ज्या अर्थाला तू मिठी मारलीस ना, त्या ‘शहाणा, समंजस’ अर्थाला डॉ. जॉन्सनने १७५५च्या कोशात हलक्या बोलण्यातला म्हणून शेवटी बसवलं होतं. पुढे तोच रुळला, पाटावर बसला आणि जुन्या धन्याला त्याने ओसरीवर काढलं. फ्रेंचमध्ये अजूनही ‘सांसिब्ल’ म्हणजे हळवा, चटकन लागून घेणारा. एकाच लॅटिन मुळाची दोन पोरं, एक शहाणं निघालं, एक हळवं. हे मी तुला दोनदा सांगितलंय. तुझ्या वहीत लिहिलेलंही आहे, तुझ्याच सुंदर अक्षरात. वही उघडायची कोणी? मी?

आता ‘सेन्सिबिलिटी’. इथे तर तू कळसच केलास. पहिल्या प्रकरणात संवेदनशीलता. तिसऱ्यात भावनिकता. पाचव्यात नुसतंच ‘सेन्सिबिलिटी’, देवनागरीत, जणू देवनागरीत लिहिलं की अनुवाद झाला. आणि प्रस्तावनेत काय तर ‘लेखिकेची तरल सेन्सिबिलिटी’. तरल म्हणजे काय रे? पातळ? विचारलं की मान खाली. म्हणजे आपल्याला माहीत नाही, हे माहीत आहे. तरी लिहिलंस.

‘संवेदनशीलता काय चुकीचं आहे?’ असं पुटपुटलास मघाशी. ऐकलं मी. निवडणूक आली की पेपरात ‘संवेदनशील मतदान केंद्रं’ येतात. तिथली यंत्रं कविता वाचून रडतात का? तिथे दंगलीची भीती असते. दात ‘सेन्सिटिव’ झाला तरी तोच शब्द. एकाच बैलाला नांगर, मोट आणि लग्नाची गाडी, सगळं ओढायला लावलंय आपण. बैल बिचारा ओढतोय. पण तू शेतकरी आहेस ना? आज कशाला जुंपलाय ते तुला तरी ठाऊक हवं.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हा शब्द म्हणजे नुसती भावना नव्हती. ती ऐट होती. १७३३ साली जॉर्ज चेन नावाच्या डॉक्टरने मज्जातंतूंच्या दुखण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि हळूहळू समजूत रुजली की ज्याच्या नसा तलम तो माणूस वरच्या दर्जाचा. मग काय! चिंध्यांतला भिकारी बघून डोळे भरले पाहिजेत, संगीत ऐकून भोवळ आली पाहिजे. १७६८ साली स्टर्नने फ्रान्सच्या प्रवासाची कादंबरी लिहिली, तिच्यात एक माणूस मेलेल्या गाढवापाशी शोक करत बसतो. १७७१ साली मॅकेन्झीची ‘द मॅन ऑफ फीलिंग’ आली, तिचा नायक पानापानावर रडतो. लिहिणारा मात्र एडिंबरोचा वकील, व्यवहाराला पक्का. गंमत बघ, १८८६च्या एका आवृत्तीत संपादकाने थट्टेने आसवांची सूचीच छापली. कोण कुठे रडलं, पान अमुक.

लेडी लुइझा स्टुअर्ट चौदा वर्षांची होती तेव्हा तिने ही कादंबरी वाचली. तिला धास्ती कसली होती माहितेय? आपण पुरेसं रडलो नाही तर! लोक म्हणतील, हिच्यात ‘सेन्सिबिलिटी’ नाही. म्हातारपणी, १८२६ साली, तिने हे वॉल्टर स्कॉटला पत्रात कळवलं. तेच पुस्तक पुन्हा चारचौघांत मोठ्याने वाचलं तर माणसं हसली, हेही कळवलं. आता सांग, ‘संवेदनशीलता’ लिहिलंस की त्या पोरीची धास्ती येते त्यात? ती ऐट येते? नाही ना? मग झोप कशी लागली तुला?

याच नाटकाला लोक कंटाळले. १७९२ साली मेरी वोल्स्टनक्राफ्टने खडसावलं की बायकांना नुसतं भावनांवर वाढवता आणि त्यांची बुद्धी पंगू करता. १७९८ साली गिलरेने व्यंगचित्र काढलं. त्यात ‘सेन्सिबिलिटी’ नावाची बाई मेलेल्या पाखरावर आसवं ढाळतेय आणि तिचा पाय एका राजाच्या तोडलेल्या मुंडक्यावर. चित्र राजकीय होतं, एका पक्षाची बाजू घेणारं, ते मला मान्य. पण बोट नेमक्या दुखऱ्या जागी ठेवलेलं.

हे सगळं मागे उभं असताना १८११ साली जेन ऑस्टेन, जिची कादंबरी तू अनुवादतोयस, आपल्या पुस्तकाच्या नावात तो शब्द घालते: ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’. आणि त्यातल्या दोघी बहिणींबद्दल तू समासात काय लिहितोस? ‘मरिआन संवेदनशील, एलिनॉर कोरडी.’ कोरडी! जिवाचा विलोबी निघून गेला त्या रात्री डोळा लागला असता तर मरिआनला स्वतःची लाज वाटली असती. दुःख खरं आहे तिचं, ते ऑस्टेन नाकारत नाही. पण त्या दुःखाला ती कशी जोजवते, दुसऱ्या दिवशी त्याला कसं पुन्हा उकरून काढते, ते वाचलंस? आणि एलिनॉर? ज्याच्यावर ती प्रेम करते त्या माणसाने आधीच दुसरीला शब्द दिलाय, आणि हे गुपित त्या दुसरीनेच तिच्या पदरात टाकलंय. चार महिने ती ते पोटात ठेवते. बहिणीचं सांत्वन करते, आईला सांभाळते, जेवणाच्या टेबलावर हसते. ही तुझी कोरडी. जी रडताना दिसली नाही तिला काही वाटलंच नाही, हे तू कुठून आणलंस? चौदा वर्षांच्या लुइझाला निदान शंका तरी आली होती.

हळवेपणा आपल्याकडेही पुष्कळ आहे, आणि तो ओळखण्यातही आपण असाच आळस करतो. साने गुरुजींना ‘हळवे’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांना विचार, १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला कोण बसलं होतं? हळवा माणूसच बसला होता. पण लोकांना त्यांचे पाणावलेले डोळे तेवढे आठवतात.

असो. भरकटले मी. तू नको भरकटूस.

नावाचं काय केलंस तेही दाखव. ‘शहाणपणा आणि संवेदनशीलता’. अरे, मूळ नावात दोन्ही शब्द एका कुशीतले आहेत, सुरुवातीला सारखेच वाजतात, म्हणून तर ते एकमेकांना टोचतात. तुझ्या नावात एक शब्द धोतरात, दुसरा सुटाबुटात. ‘भान आणि भावना’ म्हटलं तर निदान कानाला नातं कळतं. पण ‘भावना’त ती निवडक, तलम, मिरवायची गोष्ट हरवते, म्हणून मी ते लगेच घ्यायला तयार नाही. ‘जाण आणि जाणीव’? नातं आहे, पण ‘जाणीव’ फार थंड. रसिकता म्हणशील तर कलेपुरतं अडतं. सहृदयता म्हणशील तर थेट संस्कृत काव्यशास्त्राच्या दारात जाऊन पडशील. बघ, एका शब्दासाठी किती उंबरे झिजवायला लागतात. एकाही उंबऱ्यावर तुझ्या पायाची धूळ नाही.

‘वेळ नव्हता’ म्हणू नकोस. याच आठवड्यात तू फोनवर मित्रांना ‘सेन्सिबल सिनेमा’ म्हणजे काय यावर तासभर व्याख्यान दिलंस. मी शेजारच्याच खोलीत होते. ‘प्रकाशक घाई करतोय’ म्हणू नकोस, त्याने तीन महिने मुदत दिली होती, आणि पहिले दहा आठवडे तू ‘मनःस्थिती नाही’ म्हणत होतास. मनःस्थिती! मरिआन तरी सतरा वर्षांची होती.

आणि ‘मला भाषेचं अंगच नाही’ हे तर अजिबात नको. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी दोन खुणा करून वही परत दिली असती. गेल्या वर्षी तूच ‘मेलॅन्कली’ला उदास, विषण्ण, खिन्न, सगळे घासून पाहिले होतेस आणि शेवटी वाक्यच बदललं होतंस. मी ते अजून चारजणांना दाखवते. तोच हात हा. म्हणून तर चिडले.

बुधवारी ये. पहिल्या प्रकरणापासून प्रत्येक ‘सेन्सिबल’ आणि ‘सेन्सिबिलिटी’ला पेन्सिलीने गोल कर. प्रत्येकापुढे लिही, इथे जाणीव आहे, इथे ऐट आहे, इथे दुखणं आहे, इथे थट्टा आहे. मग मराठी शब्द शोध. एकच शब्द सगळीकडे बसला तर परत जा.

आता पाणी पी. आणि डोळे पूस. मी काही आसवांची सूची छापणार नाहीये.