दुसऱ्याच्या जिवावरचे रणशिंग

१८७८ साली लंडनच्या रंगमंचावर एक गाणे भलतेच गाजत होते. रशिया-तुर्कस्तानच्या भांडणात इंग्लंडने दंड थोपटावेत, असा त्याचा सूर. जी. डब्ल्यू. हंट याने ते लिहिले आणि मॅकडरमॉट नावाचा गवई ते गाई. माणसे, जहाजे, पैसा यांची फुशारकी आली की प्रेक्षक बेभान होत. त्यात ‘बाय जिंगो’ अशी शपथ होती. ‘जिंगो’ हा मुळात जादूगाराच्या छूमंतरातला निरर्थक शब्द. जॉर्ज होलिओक या सुधारकाने वर्तमानपत्रातून या युद्धवेड्यांनाच ‘जिंगो’ म्हटले आणि ते नाव त्यांना कायमचे चिकटले.

पण फुशारकीतली ती माणसे कोण होती? रशियाला धाक दाखवायला इंग्लंडने त्याच वर्षी माल्टा बेटावर सुमारे सात हजार हिंदी शिपाई पाठवले. मुंबईहून ते जहाजावर चढले. इकडे म्हैसूर संस्थानात आणि दख्खनमध्ये १८७६ पासूनच्या दुष्काळाने लाखो माणसे मेली होती. टाळ्या लंडनच्या, माणसे आपली!

आज आपल्याकडे टाळ्याही आपल्याच आहेत, म्हणून हिशेब अवघड झाला आहे.

बंगळुरात राहून सैन्याला नावे ठेवणे कोणाला जमणार नाही, आणि ठेवूही नयेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली इथे विमानांचा कारखाना काढला; त्यावर आणि संरक्षण प्रयोगशाळांवर कितीतरी मराठी घरांची चूल पेटते. देशाला शस्त्र लागते. युद्धाची हौस मात्र लागत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या दहशतवादी हल्ल्यात चाळीस जवान मारले गेले. त्यांत मंड्या जिल्ह्यातला एक होता, आपल्या बुलढाण्याचे दोन. आठवडाभरानेच बंगळुरातल्या इंदिरानगरच्या ‘कराची बेकरी’समोर जमाव जमला: नाव बदला! दुकानदारांना फलकावरचा ‘कराची’ हा शब्द झाकावा लागला. ही बेकरी हैदराबादची. फाळणीत सिंधमधून उखडून आलेल्या खानचंद रामनानींनी १९५३ साली काढलेली. म्हणजे पाकिस्तान झाल्यामुळे ज्याचे घर गेले, त्याच्याच वारसांना देशभक्तीचा दाखला मागितला गेला. जमावाला शत्रू सापडला तो बिस्किटांच्या दुकानात! त्या घोषणांनी मंड्याच्या किंवा बुलढाण्याच्या एका तरी घरचे दुःख हलके झाले असेल का?

त्या जमावाला हसून आपण मोकळे होऊ नये. मुलाला लष्करात पाठवायचा विषय निघाला की आपल्याच घरात इंजिनिअरिंगचे फॉर्म बाहेर येतात, आणि रात्री मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आता एकदाचा सोक्षमोक्ष लावाच’ हा निरोप तोच बाप पुढे ढकलतो. यंदा गणेशोत्सवात शौर्यगीतांची एक संध्याकाळ कमी करू या. एखाद्या जवानाची पत्नी बोलायला तयार असेल तर तिला मानाने बोलवावे. बातमी आल्यानंतरचे पहिले वर्ष, सासरची माणसे, पेन्शन, मुलांच्या फिया, सगळे तिने तिच्या शब्दांत सांगावे. तिचे बोलणे संपल्यावर, सोक्षमोक्ष कोणाला हवा आहे ते सभेतच हात वर करायला सांगून विचारावे.