खालच्या गावचा शेजारी



आपल्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. आपण म्हणतो, 'कांद्याला औषध मारायचंय.' पिकासाठी ते औषध असेलही. पण फवारणी झाल्यावर तोच पंप आपण ओढ्यात धुतो आणि रिकामा डबा काठावर टाकून देतो. तिथून पुढे ते औषध राहत नाही.

सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक पाण्यात अगदी थोडे उतरले तरी मासे मरतात. माशांचे खाद्य असलेले पाण्यातले बारीक किडेही त्याने मरतात. मासे गेले की खंड्या आणि बगळाही उपाशी राहतो. पंप ओढ्यात धुतला नाही, तरी फवारणीनंतर जोराचा पाऊस आला की मातीबरोबर औषध वाहतेच.

आपला ओढा प्रवरेला मिळतो. प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी नाथसागरात जाते. तेच पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यातील माणसे पितात. तिथे हंडा भरणाऱ्या बहिणीला आपण कधी पाहिलेले नाही, पाहणारही नाही.

'माझा शेजारी कोण?' असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली (लूक १०). त्या गोष्टीतल्या याजकाने आणि लेव्याने जखमी माणसाला मारले नव्हते. ते फक्त बाजूने निघून गेले. आपणही म्हणतो, 'मी कुणाला विष दिले नाही, मी फक्त पंप धुतला.' हेतू वाईट नव्हता हे मान्य. पण कृतीचा परिणाम ठाऊक असूनही ती केली, तर त्या परिणामाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, माणसाने मालमत्ता स्वतःची म्हणून राखावी, पण तिचा उपयोग सर्वांचा विचार करून करावा. शेत आपल्या सातबाऱ्यावर असते. नदी कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

१९८६ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या पहाटे, स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवणाऱ्या पाण्याबरोबर कित्येक टन विषारी रसायने, मुख्यतः कीटकनाशके, ऱ्हाइन नदीत गेली. पाणी लाल झाले, लाखाहून अधिक वाम मासे मेले. सारे जग हळहळले. आपल्याकडे गोदाम जळत नाही. एकेका पंपाने थोडे थोडे जाते, म्हणून बातमी होत नाही. पण ऱ्हाइनच्या काठचे देश त्यानंतर एकत्र आले, नदी सुधारली आणि सामन मासा परतला, हेही आपण लक्षात ठेवावे.

शेतकऱ्याची अडचण मला कळते. डोक्यावर कर्ज, पिकावर करपा आणि दुकानदार देईल तो डबा. फवारू नका, असे मी म्हणत नाही. पण काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि रानातच फवारा. पंप ओढ्यावर किंवा विहिरीजवळ धुऊ नका. पावसाचे ढग असताना फवारू नका. ओढ्याकडच्या बांधावर गवताची पट्टी राखा. कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क यांनी एखादी फवारणी जरी वाचली, तरी पैसाही वाचतो.

यरीहोचे पाणी वाईट होते, तेव्हा अलीशा संदेष्टा उगमाजवळ गेला, त्याने तिथे मीठ टाकले आणि परमेश्वराने ते पाणी निरोगी केले (२ राजे २). आपल्या नदीचे पाणीही वरच्या बाजूनेच सुधारावे लागेल, आणि वरच्या बाजूला आपण आहोत. पुनरुत्थान जागरणाच्या रात्री आपण ज्या पाण्याला आशीर्वाद देतो आणि ज्या पाण्याने आपल्या लेकरांचा स्नानसंस्कार होतो, ते याच नद्यांचे, याच विहिरींचे असते.

पुढच्या पापनिवेदनापूर्वी मनाची तपासणी करताना एक प्रश्न वाढवू या: माझ्या रानातून खालच्या गावाला काय गेले?

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू