अकराव्या वचनाआधीची दहा वचने

शास्त्रवाचन : यिर्मया 28, 29:1-14, प्रेषितांची कृत्ये 17:10-12



यिर्मयाच्या ग्रंथातील 29व्या अध्यायाचे 11वे वचन ज्या ख्रिस्ती घरात ठाऊक नाही, असे घर विरळाच. नववर्षाच्या दिनदर्शिकेवर, लग्नाच्या शुभेच्छापत्रावर आणि आता मोबाईलवर रोज सकाळी येणाऱ्या चित्रांतही ते आपल्याला भेटते. देवाच्या मनात आपल्या लोकांविषयी हिताचे विचार आहेत, हे त्यातील आश्वासन सत्य आहे आणि अश्रूंच्या दिवसांत पुष्कळांना त्याचा आधार मिळाला आहे. परंतु त्याच्या तीनच वचने आधी देव त्याच लोकांना फसवणुकीविषयी सावध करतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

ही फसवणूक कोणती होती? इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेचा राजा यखन्या व हजारो लोक बाबेलास नेले. मंदिराची पात्रेही नेली. काही वर्षांनी, सिद्कीया राजाच्या कारकिर्दीत, हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात याजकांसमोर व लोकांसमोर उभा राहिला. दोन वर्षांच्या आत पात्रे, राजा आणि बंदिवान सर्व परत येतील, असे त्याने जाहीर केले. त्याने परक्या दैवताचे नाव घेतले नाही. यिर्मया ज्या शब्दांनी आरंभ करी, त्याच शब्दांनी, सेनाधीश परमेश्वराच्या नावाने, तोही बोलला. जू मोडण्याची त्याची भाषाही नवी नव्हती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या यशयाच्या संदेशाचा प्रतिध्वनी तीत ऐकू येतो. यशयाच्या काळी अश्शूराविषयी जे खरे होते, ते हनन्याने बाबेलाविषयी, देवाने सांगितले नसताना, लागू केले. शब्द शास्त्रासारखे होते, पण संदेश देवाचा नव्हता.

येथेच आपण थांबून विचार केला पाहिजे. असत्य उघड असत्याच्या वेशात आले तर विश्वासी मनुष्य सहसा भुलत नाही. अरण्यात सैतानानेही प्रभू येशूसमोर 91वे स्तोत्रच ठेवले होते. प्रभूने त्याला शास्त्रानेच उत्तर दिले : असेही लिहिले आहे, याची त्याने आठवण करून दिली. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाच्या विरोधात लावता येत नाही, हा धडा त्या उत्तरात आहे.

यिर्मयाचे वर्तनही असेच बोधप्रद आहे. हनन्याचे बोलणे ऐकून तो प्रथम ‘आमेन’ म्हणाला, कारण लोकांची सुटका त्यालाही हवी होती. मग त्याने पूर्वीच्या संदेष्ट्यांकडे बोट दाखवले आणि नवा संदेश त्यांच्या संदेशाशी ताडून पाहिला. हनन्याने त्याच्या मानेवरील लाकडी जू मोडले, तेव्हा तो वाद न वाढवता निघून गेला. देवाकडून उत्तर मिळाल्यावरच तो पुन्हा बोलला.

त्यानंतर येते ते बंदिवानांस लिहिलेले पत्र. घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, तुमची संख्या घटू देऊ नका, असे त्यात सांगितले आहे. दोन वर्षांत परतायचे म्हणून जो गाठोडे बांधून बसला असेल, तो झाड कशाला लावील? लेकीचे लग्न कशाला करील? खोट्या आशेने एक अख्खी पिढी वाया गेली असती. देवाने सांगितलेली मुदत दोन नव्हे, सत्तर वर्षांची होती, आणि हे दहाव्या वचनात आहे. अकरावे वचन तिच्यानंतर येते.

मूळ भाषेकडे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. मराठीत ‘तुम्ही’ हा शब्द एका आदरणीय व्यक्तीलाही चालतो. इब्री भाषेत मात्र येथे निःसंशय अनेकवचन आहे. अभिवचन एकट्यादुकट्याच्या नोकरीला किंवा घराला नव्हे, तर देवाच्या समग्र प्रजेला आहे. तसेच अकराव्या वचनातील ‘हित’ म्हणजे इब्रीतील ‘शालोम’. हाच शब्द सातव्या वचनात तीनदा येतो, आणि तेथे बंदिवानांनी बाबेल नगराच्या शालोमासाठी झटावे व प्रार्थना करावी अशी आज्ञा आहे. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना करीत कळ काढणाऱ्या लोकांना हे अभिवचन मिळाले. म्हणून ते आपल्यासाठी उणे होत नाही. उलट, सत्तर वर्षे टिकेल इतके ते भक्कम आहे.

आजही हनन्याची वाणी गोड लागते. “विश्वास असेल तर औषध बंद करा,” असे एखादा म्हणतो. “इतके दान पेरा, इतके उगवेल,” असे दुसरा सांगतो आणि प्रत्येक जण एकेक वचन पुढे करतो. त्यावर विसंबून मधुमेहाच्या रोग्याने इन्सुलिन सोडले, किंवा एखाद्या मातेने मंगळसूत्र गहाण टाकले, तर हानी केवळ शरीराची वा पैशाची होत नाही. मुदत टळली की अशी माणसे हनन्याला नव्हे, देवालाच खोटे ठरवतात.

मग आपण प्रत्येक उपदेशकाकडे संशयाने पाहावे काय? बिरुयातील लोकांनी तसे केले नाही. त्यांनी पौलाचे वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले आणि त्याच वेळी दररोज शास्त्रात शोध केला. लूकाने येथे योजलेले ग्रीक क्रियापद न्यायालयीन चौकशीसाठीही वापरले जाई. पिलाताने येशूची चौकशी केली, तेथे त्याने तेच योजले आहे. प्रेषिताच्या उपदेशाची अशी तपासणी झाली, आणि शास्त्र त्याबद्दल त्या लोकांना थोर मनाचे म्हणते.

ही तपासणी केवळ पंडितांचे काम नाही. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे खर्चून, सोप्या मराठीत बायबल आणले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही स्वतः वाचता यावे म्हणून. आपल्या हाती असलेला ग्रंथ अशा श्रमांनी आला आहे. तेव्हा कोणी एक वचन आपल्यापुढे ठेवले, की पूर्ण अध्याय उघडावा. हे कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगत आहे ते पाहावे. बाकीचे शास्त्र त्याला दुजोरा देते काय, ते शोधावे. आणि ते आपल्याला वधस्तंभावरील ख्रिस्ताकडे नेते की त्या वधस्तंभाला वळसा घालून जाते, हे प्रार्थनापूर्वक विचारावे. घरातील कुटुंबप्रार्थनेत एकच वचन वाचण्याची सवय असेल, तर आज रात्री दहा वचने अधिक वाचा.

सत्याचा आत्मा आपणा सर्वांस सत्यात नेवो आणि त्याच्या वचनात आपल्याला स्थिर करो. आमेन.