तबकडीची साक्ष

ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज याने 1951 साली समीक्षक लेनर्ड फेदरशी पैज मारली. वाजवणारा गोरा की काळा, हे आपण नुसतं ऐकून ओळखू, असा त्याचा दावा होता. फेदर काही वर्षांपासून ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ हे सदर चालवत होता: नाव न सांगता रेकॉर्ड लावायची आणि ऐकणाऱ्याने मत द्यायचं. एल्ड्रिजचे अंदाज इतके चुकले की पैज हरल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं. हा कुणी हौशी श्रोता नव्हे. आर्मस्ट्राँग आणि गिलेस्पी या दोन थोर ट्रंपेटवादकांच्या मधला दुवा मानला जाणारा हा वादक. गोऱ्यांच्या ताफ्यांबरोबर हिंडताना हॉटेलांनी आणि नाचघरांनी त्याला दाराबाहेर ठेवलं होतं. तो सल दाव्यामागे होता. सल खरा होता, पण त्या रेकॉर्डमध्ये तो ऐकू येत नव्हता.

जॅझच्या दर्दींमधली भांडणं पुष्कळदा अशी पाटीवरून पेटतात. फ्रान्समधलं भांडण तर गाजलेलंच आहे. ‘हॉट क्लब द फ्रान्स’ ही संस्था 1932 मध्ये उभी राहिली. युग पानासिए हा तिचा धुरीण, शार्ल दलोने त्याचा सहकारी. महायुद्ध संपलं, अमेरिकेतून सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या बीबॉप या नव्या शैलीच्या रेकॉर्ड येऊ लागल्या आणि 1947 मध्ये या मंडळींची उभी फूट पडली. पानासिएच्या लेखी बीबॉप हे जॅझच नव्हतं. दलोनेच्या लेखी जॅझचं पुढचं पाऊल तेच होतं. अमेरिकेतही नव्या मताचे लोक जुन्या न्यू ऑर्लिन्स शैलीच्या भक्तांना ‘बुरशी आलेली अंजिरं’ म्हणून हिणवत होते. आज आर्मस्ट्राँग आणि पार्कर एकाच कपाटात सुखाने नांदतात. ते भांडण कुणी जिंकलं नाही. विषयच शिळा झाला.

याच दलोनेचं 1936 सालचं काम मात्र अजून ताजं आहे. ‘हॉट डिस्कोग्राफी’ या ग्रंथात त्याने कोणती रेकॉर्ड कुठे, केव्हा झाली आणि तिच्यात कोण कोण वाजवत होतं, याची जंत्री मांडली. तेव्हाच्या तबकडीवर बहुधा ताफ्याचं किंवा म्होरक्याचं तेवढं नाव असे. आतलं क्लॅरिनेट कोणाचं, हे कानाने ताडायचं आणि जमेल तर वादकांना विचारून पक्कं करायचं. वरवर हा कारकुनी खटाटोप. पण जॅझमध्ये त्यावाचून पुढे जाता येत नाही. स्वरलिपीत धून सापडते. वादकाने ऐन वेळी जे रचलं ते फक्त रेकॉर्डमध्ये उरतं. रेकॉर्ड हीच पोथी, आणि एकाच धुनेचे वेगवेगळे टेक हे तिचे पाठभेद.

म्हणून पार्करच्या ‘को-को’वर इतकी वर्षं खल होत राहिला. 26 नोव्हेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये सव्हॉय कंपनीसाठी ती रेकॉर्ड झाली. पियानोवादक म्हणून ‘हेन गेट्स’ हे नाव छापलं गेलं. ते गिलेस्पीचं टोपणनाव. पण त्या दिवशी गिलेस्पी ट्रंपेटही वाजवत होता, स्टुडिओत आर्गन थॉर्नटन हा दुसरा पियानोवादक हजर होता आणि ट्रंपेटसाठी आलेला माइल्स डेव्हिस अवघा 19 वर्षांचा होता. मग कोणत्या जागी कोणाची बोटं? उत्तर शोधणाऱ्यांना प्रत्येक टेक पुनःपुन्हा ऐकावा लागला. अर्धवट सुटलेला पहिला टेकही त्यांनी टाकून दिला नाही. त्यात ‘चेरोकी’ या आधीच्या गाण्याची मूळ धून सुरू होताच वाजवणं थांबवलं जातं. ‘को-को’ कोणत्या स्वरचौकटीवर उभी आहे, याचा पुरावा त्या तुकड्यात कानाने ऐकता येतो.

अर्थात ही पोथी अपुरी आहे. ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली. मोठ्या कंपन्यांपैकी डेक्काने 1943 मध्ये तडजोड केली, कोलंबिया आणि व्हिक्टरने नोव्हेंबर 1944 मध्ये. बीबॉप आकार घेत होतं ते नेमकं याच काळात. त्याचं बाळपण बहुतेक हवेतच विरलं.

जे उरलं त्यावरही आवडीनिवडीचा ठसा आहे. डीन बेनेडेट्टी हा सॅक्सोफोनवादक 1947 आणि 1948 मध्ये क्लबांत यंत्र घेऊन बसे आणि पार्करचा सोलो तेवढा टिपून घेई. सोलो संपला की यंत्र बंद! बाकीचे वादक त्याच्या लेखी नव्हतेच. कित्येक वर्षं दंतकथेसारखं बोललं गेलेलं हे ध्वनिमुद्रण मोझेक कंपनीने 1990 मध्ये 7 सीडींच्या संचात बाहेर आणलं. त्यात पार्कर उदंड भेटतो, पण तो कोणाला उत्तर देत होता हे बऱ्याचदा कळत नाही. भक्ताने दिलेली देणगी आणि भक्तानेच केलेली नासाडी एकाच फितीवर आहे.

पार्करच्याच ‘लव्हर मॅन’ या रेकॉर्डचा प्रश्न याहून अवघड. 29 जुलै 1946 रोजी पार्कर स्टुडिओत आला तेव्हा तो अक्षरशः कोसळण्याच्या बेतात होता. त्यानंतर लवकरच त्याची रवानगी कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात झाली. डायल कंपनीच्या रॉस रसेलने ती रेकॉर्ड तरीही विक्रीला काढली, आणि पार्करला त्याचा संताप आला. काही रसिकांना तिच्यात त्याचं सर्वांत उघडं, सर्वांत जिव्हारी लागणारं वादन ऐकू येतं. इतरांच्या मते तो आजारी माणसाचा खासगी क्षण आहे. तो बाजारात यायलाच नको होता. पार्करने 1951 मध्ये तीच धून पुन्हा वाजवली, जणू जुनी साक्ष मागे घेण्यासाठी. इथे टेक पुन्हा लावून निकाल लागत नाही. तरी दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवल्या की वाद निदान सूर, दम आणि वाक्यांच्या तुटलेपणाबद्दल बोलू लागतो.

कानावर भिस्त ठेवणाऱ्यांनाही तबकडी चकवते. ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ ही 1956 च्या महोत्सवातली प्रत्यक्ष मैफल म्हणून विकली गेली. तिचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या जोडलेल्या होत्या, आणि सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिसचा 27 आवर्तनांचा प्रसिद्ध सोलो अस्पष्ट होता, कारण तो ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’च्या मायक्रोफोनकडे वळून वाजवत होता. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ची ती फीत मिळाल्यावर 1999 मध्ये खरी मैफल ऐकता आली. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू तर 1959 पासून किंचित चढ्या सुरात वाजत होती, कारण मुद्रणाच्या वेळी यंत्र संथ फिरलं होतं. 1992 मध्ये ती दुरुस्त झाली. रेकॉर्डबरोबर वाद्य वाजवायला बसणाऱ्याला स्वर सरकवून घ्यावा लागे. नुसतं ऐकून माना डोलावणाऱ्यांना तोच सूर प्रमाण वाटत होता.

मुंबईतही जॅझ होतं, आणि ते सिनेमाच्या तबकड्यांत शिरलं. ‘अलबेला’ 1951 मध्ये आला. त्यातल्या ‘शोला जो भडके’ला सी. रामचंद्र यांचं संगीत, आवाज त्यांचा आणि लता मंगेशकरांचा. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्या सिनेमात ताफ्यासह पडद्यावर दिसतात. इतर असंख्य गाण्यांत तीही सोय नाही. चाल कोणाची, गाणारं कोण, यावर आपल्याकडे रात्री जागवल्या गेल्या. सॅक्सोफोन कोणाचा, वाद्यमेळ कोणी लिहिला, हे विचारणारे विरळा. ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ 2008 मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ 2012 मध्ये आलं, तेव्हा अनेक नावं प्रथमच एकत्र वाचायला मिळाली. चिक चॉकलेट 1967 मध्येच गेले होते. दलोनेने आपली जंत्री केली तेव्हा त्यातले बहुतेक वादक वाजवत होते, आणि चूक झाली तर ती सांगायला हजर होते.