चंद्राची साक्ष



अलीकडे मोबाइलवर एक प्रकारची छायाचित्रे वरचेवर येतात. खाली ओसाड वाळवंट, मध्ये एखादी दगडी कमान किंवा वाळून गेलेले झाड, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाशगंगा, तीही जांभळ्या-गुलाबी रंगांची. त्यावर कोणीतरी 'शुभ सकाळ' लिहिलेले असते. रात्रीच्या चित्रावर शुभ सकाळ का, हे कोडे आम्हांला अजून सुटलेले नाही. पण ते असो. आमचे मन अडते ते दुसऱ्याच प्रश्नाशी. हे चित्र खरे की खोटे?

घरातल्या मुलांना विचारले तर उत्तर तयार असते : "सगळे कॉम्प्युटरवर केलेले आहे हो!" उत्तर फार सोपे आहे, म्हणून त्यावर आमचा विश्वास बसत नाही. छायाचित्र ही एक साक्ष असते. 'मी तिथे होतो, मी हे पाहिले,' असे ते सांगत असते. आणि साक्ष म्हटली की आठवी आज्ञा आलीच. खोटी साक्ष देऊ नये हे आपण सारे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण ती आज्ञा कॅमेऱ्याला कशी लावायची, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

आधी एक गोष्ट मान्य करू या. अंधारात माणसाच्या डोळ्याला रंग जवळजवळ दिसतच नाहीत. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंगांचा भेद कळत नाही. त्यामुळे दिव्यांपासून शेकडो मैल दूर, ऐन वाळवंटात उभे राहिले तरी आकाशगंगा आपल्याला एखाद्या राखाडी ढगासारखी दिसते. कॅमेऱ्याचे तसे नाही. तो वीस-पंचवीस सेकंद डोळा उघडा ठेवून थेंबथेंब प्रकाश साठवतो. (त्याहून फार जास्त ठेवता येत नाही, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, आणि तारे ठिपक्यांऐवजी रेघा होऊन उमटतात.) साठवलेल्या त्या प्रकाशात रंग असतात. ते कॅमेऱ्याने निर्माण केलेले नाहीत, आपल्या डोळ्यांना पोचले नव्हते एवढेच. दुर्बिणीतून दिसलेल्या गोष्टीला आपण खोटी म्हणत नाही, तसेच हे.

मग खोटे सुरू कुठे होते? हे शोधताना आम्हांला एका जुन्या छायाचित्राची फार मदत झाली.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराच्या उत्तरेला, हर्नांडेझ नावाचे एक लहानसे गाव आहे. प्रदेश उंचावरचा, कोरडा, खुरट्या झुडपांचा. वस्ती पूर्वापार स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिकांची. १९४१ सालच्या शरद ऋतूत अॅन्सेल अॅडम्स हे नामांकित छायाचित्रकार आपल्या मुलाला आणि एका मित्राला घेऊन तिथल्या रस्त्याने मोटारीने परत चालले होते. दिवस वाया गेला होता. मनासारखे एकही चित्र मिळाले नव्हते. एवढ्यात त्यांना डाव्या हाताला ते गाव दिसले. मातीची घरे, छोटेसे चर्च, पुढ्यात कबरस्तान. मावळतीला आलेला सूर्य ढगांआड जाण्याच्या बेतात होता आणि त्याच्या शेवटच्या उन्हात कबरींवरचे पांढरे क्रूस झळकत होते. समोर पूर्वेला चंद्र वर आला होता.

अॅडम्स यांनी मोटार रस्त्याच्या कडेला घातली आणि तिघांची धावपळ सुरू झाली. कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा, अवजड. तो तिकाटण्यावर चढवला, पण प्रकाश मोजण्याचे यंत्र काही सापडेना. ऊन तर पळभराचे. तेव्हा त्यांना आठवले की चंद्राचे तेज किती असते तो आकडा आपल्याला पाठ आहे : चौरस फुटाला २५० कँडल. त्या एका आकड्यावरून त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एक सेकंद फिल्म उघडी ठेवली. खबरदारी म्हणून दुसरी फिल्म घ्यावी म्हणून ते वळले, तोच क्रुसांवरचे ऊन गेले. हाती एकच चित्र राहिले. 'मूनराइज, हर्नांडेझ' या नावाने ते जगभर गाजले. २००६ साली त्याची एक प्रत लिलावात सहा लाख डॉलरपेक्षाही अधिक किमतीला गेली.

आता अडचण पाहा. हे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांतले बहुतेक जण सांगतील की ते रात्रीचे आहे. वर काळेभोर आकाश, त्यात चंद्र, खाली चमकणारे क्रूस. प्रत्यक्षात ती संध्याकाळ होती. अॅडम्स यांनी सुरुवातीला काढलेल्या प्रतींमध्ये आकाश करडे आहे आणि त्यात ढगांच्या फिकट रेघा आहेत. पुढे ते प्रत्येक वेळी आकाश अधिकाधिक गडद करत गेले. १९४८ मध्ये तर त्यांनी मूळ निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनांची प्रक्रिया केली, जमिनीकडची बाजू अधिक उठावदार व्हावी म्हणून. मग ही खोटी साक्ष झाली का?

आम्ही या प्रश्नावर बरेच दिवस घुटमळलो. अॅडम्स तरुणपणी पियानोवादक होते. ते म्हणत, निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि छापलेली प्रत म्हणजे त्याचे वादन. आपल्या गायनवृंदातील मंडळींना हे पटेल. तेच गीत नाताळच्या मध्यरात्री वेगळे वाजते आणि साध्या रविवारी वेगळे, म्हणून ते खोटे होत नाही. शिवाय अॅडम्स यांनी काही लपवले नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी आपल्या चाळीस छायाचित्रांची जन्मकथा सांगितली, त्यात हेही चित्र आहे. यंत्र सापडले नाही इथपासून सारे त्यांनी उघडपणे मांडले आहे.

तरीही आमचे पूर्ण समाधान झालेले नाही, हे कबूल केले पाहिजे. भिंतीवर ते चित्र पाहून जाणारे हजारो, पुस्तक वाचणारे थोडे. त्या हजारोंना रात्रच दिसली. सांगणाऱ्याने सांगितले खरे, पण ऐकणाऱ्यापर्यंत ते पोचले नाही. याचा दोष किती आणि कोणाला द्यायचा, हे आम्हांला ठरवता आलेले नाही.

पण या चित्राला आणखी एक साक्षीदार होता. अॅडम्स तारखांच्या बाबतीत अगदी विसराळू. हे चित्र कधी काढले, याची त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी साले दिली आहेत, १९४० पासून १९४४ पर्यंत. शेवटी डेव्हिड एल्मोर या खगोल अभ्यासकाने चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडले आणि ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस दि चिको यांना त्यात चूक आढळली. त्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन कॅमेरा नेमका कुठे उभा होता ते शोधले, पुन्हा हिशेब केला आणि १९९१ मध्ये उत्तर जाहीर केले : १ नोव्हेंबर १९४१, दुपारनंतर ४ वाजून ४९ मिनिटे २० सेकंद. अॅडम्स १९८४ मध्येच वारले होते; आपल्या सर्वांत प्रसिद्ध चित्राचा खरा दिवस त्यांना कधी कळलाच नाही. तो सर्व संतांचा सण होता. दुसऱ्या दिवशी मृतांचे स्मरण. आपणही त्या दिवसांत कबरस्तानात मेणबत्त्या लावतो.

इथे आम्हांला हवे होते ते सापडले. आकाश काळे केले, जमीन उजळली, तरी चंद्र होता तिथेच राहिला, क्रूस होते तिथेच राहिले. पन्नास वर्षांनी कोणी परका माणूस उलटतपासणी घ्यायला आला, तेव्हा साक्ष टिकली.

मोबाइलवरच्या चित्रांना आता हीच कसोटी लावून पाहा. आकाश आणि जमीन वेगवेगळी टिपून जोडण्याची पद्धत आज सर्रास आहे. त्याच रात्री, त्याच जागी, कॅमेरा न हलवता ताऱ्यांसाठी एकदा आणि खडकांसाठी एकदा चित्र घेतले आणि तसे सांगितले, तर त्यात आम्हांला पाप दिसत नाही. पण कमान एका देशातली आणि आकाशगंगा दुसऱ्या देशातली असली, तर आकाशच चुगली करते. अमेरिकेतल्या युटा राज्यातून आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग फक्त दक्षिणेकडच्या आकाशात, तोही फार उंच न चढता सरकतो. उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या चित्रात तो दिसला तर तो चिकटवलेला आहे. डिसेंबरात तो सूर्याच्याच दिशेला असतो, म्हणजे रात्री दिसायचा प्रश्नच नाही. आणि चंद्राचे म्हणाल तर हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड तो सहज लपतो. सबंध वाळवंट मावलेल्या चित्रात परातीएवढा चंद्र दिसला, तर कोणाला विचारायची गरज नाही.

जे त्या रात्रीने दिले नाही तेही आपल्याला हवे, हा हट्ट मात्र चित्र जोडण्यावरच थांबत नाही. युटामध्ये आर्चेस नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथली डेलिकेट आर्च ही तांबड्या वालुकाश्माची कमान एकटी, उघड्या खडकाच्या कडेला उभी आहे. त्या राज्याच्या मोटारींच्या नंबरपाट्यांवरही तिचे चित्र असते. सप्टेंबर २००० मध्ये एका नावाजलेल्या छायाचित्रकाराने शिकायला आलेल्या मंडळींना रात्रीचे छायाचित्रण दाखवण्यासाठी त्या कमानीपाशी जळाऊ ओंडके पेटवले. उजेड छान पडला असेल. दगडावर मात्र काळे, मेणचट डाग राहिले. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि भरपाई भरली. आम्हांला हा माणूस दुष्ट वाटत नाही. त्याचे त्या दगडांवर प्रेम होते. त्यावरच त्याचे नाव झाले होते. पण चंद्र उगवेपर्यंत थांबायला त्या प्रेमाला वेळ नव्हता. आज त्या उद्यानात रात्री दिवे टाकून खडक उजळायलाही मनाई आहे.

अंधारात वाट सोडून चालणाऱ्यांचेही तसेच. त्या वाळवंटातली काळपट, खरबरीत माती जिवंत असते. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून विणलेली ती साय असते, आणि तिच्यामुळेच वाळू वाऱ्यावर उडून जात नाही. एक पाऊल पडले की ती मोडते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षे, कधी दशके लागतात. चित्रात ते पाऊल दिसत नाही.

हे सारे दुसऱ्यांविषयी लिहून थांबलो असतो तर बरे वाटले असते. पण काही वर्षांपूर्वी आपल्या चर्चच्या स्मरणिकेसाठी आम्हीच एक जुने छायाचित्र निवडले होते. दर्शनी भाग सुंदर आला होता, पण वरून विजेच्या तारा गेल्या होत्या. त्या आम्ही छापखान्यात सांगून पुसून घेतल्या. खाली पायरीच्या कोपऱ्यात मासळीची पाटी शेजारी ठेवून एक बाई टेकली होती. तारा जातातच आहेत तर तीही जाऊ दे, चर्च मोकळे दिसेल, असे आम्हांला वाटले. कोणी हरकत घेतली नाही. स्मरणिका घरोघर गेली, सर्वांनी मुखपृष्ठाचे कौतुक केले.

दोन आठवड्यांनी मिस्सानंतर एक बहीण भेटायला आल्या. मूळ फोटो पाहायला मिळेल का, असे त्यांनी विचारले. कोपऱ्यातली बाई म्हणजे त्यांची आई. फोटो काढला गेला ते त्या आईनेच त्यांना सांगितले होते. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता. स्मरणिकेत त्या आधी तोच कोपरा शोधत होत्या.

तारांचे आम्हांला आजही काही वाटत नाही. मूळ फोटो सुदैवाने कपाटात होता. तो मोठा करून आम्ही त्यांच्या घरी नेऊन दिला, तारांसकट, पाटीसकट. त्यांनी तो कॅलेंडर काढून त्या खिळ्याला लावला आणि आम्हांला चहा ठेवला.