दुधावर बंदी, तंबाखूला मोकळीक

मुतखडा निघाला की घरात पहिली बंदी दुधावर येते. खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम वैरी, असा हा हिशेब. तो चुकीचा असल्याचे 1993 मध्येच दिसले. अमेरिकेतल्या 45,000हून अधिक पुरुषांच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाले होते. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातले कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतले ऑक्झलेट आतड्यातच बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध तोडले की तेच ऑक्झलेट रक्तात शिरून लघवीत उतरते. उलट मीठ वाढले की लघवीतले कॅल्शियम वाढते. पण लोणच्या-पापडावर कोणी बंदी घालत नाही.

खरे विषारी धातू तर चौकशीतून साफ सुटतात. कॅडमियम मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका बिघडवते आणि कॅल्शियम लघवीत गळू लागते. स्वीडनमधल्या बॅटरी कारखान्यातल्या कामगारांत कॅडमियमचा संपर्क जितका अधिक, तितके खडे अधिक आढळले. तंबाखूचे रोप हा धातू जमिनीतून शोषून घेते, म्हणजे विडीच्या प्रत्येक झुरक्यासोबत तो शरीरात जातो. घरातल्या बाईचा चहा बिनदुधाचा करणारा कर्ता पुरुष स्वतःची विडी विझवत नाही, याला पथ्य म्हणता येणार नाही.

त्यावर भरवसा कोणावर, तर बिनालेबलच्या पुड्यांवर आणि पोटाला तोंड लावून खडा ‘ओढून’ काढणाऱ्या बाबावर. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. भस्म शुद्ध केलेले असते, असे उत्तर मिळते. मग प्रत्येक खेपेची तपासणी करून आकडे पुडीवर छापावेत. शुद्ध मालाला त्याची भीती कशाला? ‘पण मला गुण आला,’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआपच पडतात आणि श्रेय बाबा घेऊन जातो. त्याच्याकडे जाण्यापूर्वी आणि आल्यावर सोनोग्राफी करून पाहा. शाबूत कातडीतून खडा बाहेर येत नाही.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात. सल्ला बरोबर आहे. पण उसाच्या फडात किंवा बांधकामावर राबणारी बाई तहान मारते, कारण आडोसा नसतो. तिला पाण्याचे महत्त्व शिकवण्याआधी मुकादमाला आणि ठेकेदाराला जाब विचारला पाहिजे. बांधकामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळे शौचालय कायद्याने बंधनकारक आहे. ऊसतोडणीच्या बाईची तहान काही वेगळी नसते. फडावरही तेवढे मिळालेच पाहिजे, आणि ती मागणी तिच्या एकटीची राहता कामा नये.