कुंडीतला गांजा आणि देवाची परवानगी

घरच्या कुंडीत गांजाचं रोप लावावं का, हा प्रश्न आता शिकलेली तरुण मुलंही उघडपणे विचारतात आणि पाठोपाठ महादेवाचं नाव पुढे करतात. शंकराला चालतं, मग माणसाला का नाही? कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. एकरभर शेत आणि गॅलरीतली कुंडी यांत हे कलम फरक करत नाही. याच झाडाची, भांगेसाठी वापरली जाणारी नुसती पानं या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली आहेत, पण ती सूट झाड लावणाऱ्याच्या कामाची नाही. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. आपल्याकडे, पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत, एकही नाही.

पण विचारणाऱ्यानं देवाला मध्ये घेतलं आहे, तेव्हा उत्तरही धर्माच्या अंगानं शोधायला हवं. त्यासाठी डहाणू-तलासरीचा मुलूख फार मोलाचा आहे. इथे नशेची वस्तू देवाला रीतसर चढते, आणि शंभर वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून निघालेल्या एका देवीनं ती सोडायलाही लावली होती.

फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. फुलं रात्रभर गळत राहतात, आणि भल्या पहाटे बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली वेचायला येतात. फिकट पिवळी, रसानं फुगलेली ही फुलं अंगणात वाळवली की मनुकांसारखी आक्रसून तपकिरी होतात. टंचाईच्या दिवसांत हेच अन्न, आणि आंबवून भट्टी लावली की हीच दारू. ताडीचंही तसंच. ताडाला किंवा शिंदीला छेद देऊन संध्याकाळी मडकं बांधायचं. पहाटे उतरवली ती गोड नीरा, ऊन चढलं की ताडी. वारली आदिवासींच्या घरातल्या लग्नात, देवकार्यात, मयतीत विधी करणारा भगत आधी जमिनीवर धार सोडतो. ती देवाची आणि पितरांची. मग बाकीच्यांची पाळी. पिणारा एकटा नसतो, वेळ त्यानं ठरवलेली नसते आणि पहिला घोट त्याचा नसतो.

हे चित्र गोड करून सांगण्यात मात्र काही अर्थ नाही. विधीबाहेरही दारू प्यायली जाते, आणि तिनं घरं उद्ध्वस्त होतात, हे पाड्यावरच्या कुठल्याही बाईला विचारावं.

सरकारनं यात हात घातला तो मात्र या बाईचे अश्रू पाहून नव्हे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरचा वेगळा कायदा आला. झाड अंगणात, फुलं हातात, आणि दारू मात्र मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची, अशी ही व्यवस्था. तिजोरी भरणं हा तिचा हेतू होता. मोहाची फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारनं उठवले ते २०२१ मध्ये. गांजाबद्दलही ब्रिटिशांनी १८९३ मध्ये आयोग नेमला होता. हजाराहून अधिक साक्षी घेऊन त्यानं सांगितलं की, बेताच्या वापरानं फारसं नुकसान दिसत नाही आणि सरसकट बंदीनं लोकांच्या धर्मभावना दुखावतील. तेव्हा कायद्यात निषिद्ध म्हणजेच पाप, हे समीकरण इथे टिकत नाही.

मग १९२२ साल उजाडलं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवीच्या रोगाची साथ आली, आणि ती शांत व्हावी म्हणून देवीची आळवणी सुरू झाली. माणसांच्या अंगात देवी येऊ लागली. ही लाट आदिवासींमधून उत्तरेकडे पसरत धरमपूर, सुरत, डांगपर्यंत गेली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मांडवाखाली बसलेली, लाल फडकं हातात घेऊन घुमणारी साधी माणसं देवीचा हुकूम सांगत: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा. हजारोंनी ते ऐकलं, आणि मक्तेदारांची दुकानं ओस पडली. पुढे पुष्कळजण पुन्हा पिऊ लागले, हेही खरं. पण ज्या समाजाच्या देवांना दारूची धार चढत होती, त्याच समाजानं देवाच्याच तोंडून तिला नकार दिला, ही गोष्ट लहान नाही.

पावित्र्य वस्तूत असतं, तर हा नकार अशक्य होता. ते असतं वेळेत, वाट्यात आणि चार माणसांसमोर पाळलेल्या मर्यादेत. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे, असं गांजाचे समर्थक सांगतात. तो आहेच. पण त्याच ऋचेत सोम, दर्भ आणि जवही आहेत, आणि या वनस्पतींकडे मागणं आहे ते संकटातून सोडवण्याचं. ओढण्याचा परवाना तिथे कुणीच दिलेला नाही. बंद खोलीत, स्वतःपुरतं, मनाला येईल तेव्हा ओढण्यासाठी वाढवलेल्या झाडाला महादेवाचं नाव देणं म्हणजे देवाचा वाटाही आपणच खाणं. मोहाची धार सोडणाऱ्या भगताशी अशा माणसानं नातं सांगू नये.

बंदीच चुकीची वाटत असेल, तर ते म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद एका कुंडीसाठी अवाजवी आहे, असं या लेखकालाही वाटतं. तो वाद औषधाच्या, आरोग्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मुद्द्यांवर आमदार-खासदारांपुढे उघडपणे मांडावा. कायदा बदलेपर्यंत रोप लावू नये, आणि त्या वादात शंकराला साक्षीला बोलावू नये.